रळियातबेनच्या पायाखालची फरशी

"ह्याच्यावर जरा ताक वत बरं."

"ताक? बेन, फरशीवर?"

"मग काय माझ्या डोस्क्यावर? बाटलीत आनलंय घरनं. आंबट हाय, पर वंगाळ न्हाय. वत."

शोरूममधल्या जिगरनं आधी बाटलीकडं बघितलं, मग बाईकडं. समोर मांडलेली फरशी आरशासारखी चकाकत होती. तिच्यात जिगरचा भांग दिसत होता, छताचे दिवे दिसत होते आणि ताकाची बाटली धरलेला रळियातबेनचा हातही दिसत होता.

"बेन, हा संगमरवरी माल आहे. दुबईला जातो."

"दुबईला कुनी ताक पीत न्हाय का? आनि पीत असतील तर सांडत न्हाईत?"

जिगरनं बाटलीचं बूच काढलं. त्यानं ताक ओतलं. रळियातबेननं चपला काढल्या, एका हातानं शेजारचा फरश्या ठेवायचा लोखंडी घोडा घट्ट धरला आणि उजवा पाय ताकात ठेवून हळूच भार दिला. पाय असा सरकला, जसा ओल्या हातातनं साबण.

"बघितलंस? ही माझ्या मुळावर उठनारी हाय. फुडची काढ."

"बेन, फडक्यानं पुसून घेऊ द्या आधी. शेठ आला तर मला इथंच चिकटवील." जिगरनं फडकं मारता मारता विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही? कोणाच्या घरच्या?"

मोरबीत हा प्रश्न पाण्याच्या पेल्याच्याही आधी येतो. रळियातबेन उत्तर घरून घोळवूनच निघाली होती.

"टंकाऱ्याकडची," ती म्हणाली.

खोटं नव्हतं. माहेर तिकडंच होतं. पण सासर लालपरच्या रस्त्याला, आमच्या शेरीत, म्हणजे गल्लीत, आणि नवऱ्याचे थोरले भाऊ, तिचे जेठ, वालजीभाई देत्रोजा, ज्यांच्या फरशीच्या कारखान्याचं धुराडं शेरीतल्या प्रत्येक गच्चीवरून दिसतं. त्यांच्या सख्ख्या भावाची बायको बाजारात फरशी विकत घ्यायला आली, हे जिगरला कळलं असतं तर संध्याकाळच्या आत चहाच्या प्रत्येक टपरीवर तीच बात झाली असती. मोरबीत फरशी कुणी विकत घेत नाही. मामाचा कारखाना असतो, साडूची भागीदारी असते, कुणाच्या जावयाची पॉलिशची मशीन असते. गोदामात उरलेला, रंग चुकलेला, नमुन्याचा, कुठला ना कुठला माल घरी येतोच. म्हणून तर आमच्याकडं एका घरात चार खोल्यांना चार जातीच्या फरश्या असतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. विकत आणली म्हणजे एकच अर्थ: घरात फाटलं.

रळियातबेनच्या घरात फाटलेलं काहीच नव्हतं. अडचण तीच होती.

ती लग्न होऊन आली तेव्हा कारखाना नव्हता, कौलांची भट्टी होती. वालजीभाई आणि तिचा नवरा ठाकरशीभाई, दोघे भाऊ मिळून चालवायचे. घरातल्या बायका पहाटे मातीत उतरायच्या. साड्या गुडघ्यावर खोचून रळियातबेन आणि तिची जेठाणी, वालजीभाईंची बायको कंकूबेन, चिखल तुडवायच्या, खडा लागला की पायाच्या बोटांनीच उचलून बाहेर टाकायच्या. पुढं भट्टीचा कारखाना झाला, वालजीभाईंनी गाडी घेतली, वेगळा बंगला बांधला. ठाकरशीभाईचं डोकं हिशोबात चालत नव्हतं, तो मालाच्या गाड्या भरून घ्यायच्या कामावर राहिला. माया तुटली नाही. दिवाळीला दोन्ही घरचं ताट एकत्रच असतं. रळियातबेननं अंगणात म्हशी ठेवल्या आणि दुधावर आपली वेगळी गाठ बांधली. आता एकच म्हैस उरलीय, भगरी. पण दूध अजून अर्ध्या शेरीला तिचंच.

कारखान्यात चकचकीत फरशीची नवी मशीन बसली तेव्हा वालजीभाईंनी पहिल्या घाण्यातला माल भावाच्या घरी पाठवला. देवाला दाखवायच्या आधी. गावात चर्चा झाली, भाऊ असावा तर असा. रळियातबेनच्या ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत आरसा अंथरला गेला. बायका बघायला आल्या, स्वतःचं तोंड बघून गेल्या.

आणि मग एक दिवस दुधाची भरली बादली घेऊन ती ओसरीतून आत येत होती, आणि त्याच आरशावर धाडकन आडवी झाली. दूध उंबऱ्याबाहेर वाहत गेलं आणि मनगट महिनाभर गळ्यात. तेव्हापासून ती स्वतःच्या घरात भिंतीच्या कडेनं चालायला लागली. डावा हात भिंतीवर, पायाची बोटं आवळलेली. बादली दोन खेपांत, अर्धी अर्धी. भिंतीवर हाताच्या उंचीला एक काळपट पट्टाच उमटला. चुना मारला तरी चार महिन्यांत परत उमटायचा. पाहुणी आली की रळियातबेन म्हणायची, "आमच्या घरात मधनं फकस्त मांजर चालतं."

जेठाला सांगायचं म्हटलं तर सांगणार कशी? रळियातबेन जेठासमोर लाज काढते. म्हणजे वालजीभाईंची गाडी वाजली की पदर हनुवटीपर्यंत खाली, पाठ त्यांच्याकडं आणि तोंड बंद. लग्न झाल्यापासून आजवर ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हती, आणि तेही तिच्याशी बोललेले नव्हते. यात राग नाही, लोभ नाही. आमच्या शेरीतल्या जुन्या बायका अजून तसंच वागतात. तीच बाई एरवी भाजीवाल्याला अशी धुते की तो दोन मिरच्या जास्त टाकून पळतो.

तर यंदा चैत्रातल्या उन्हात ती फरशी फुगून वर आली. सुट्टीच्या दिवशी दुपारी घरात फाडकन आवाज झाला, ठाकरशीभाईला वाटलं कुकर उडाला. आत जाऊन बघतात तर ओसरीच्या मधोमध फरश्या एकमेकींवर डोकं टेकवून तंबूसारख्या उभ्या. गवंडी आला, ठोकून ठोकून बघितलं, म्हणाला सगळीच पोकळ झालीय, सगळीच काढावी लागेल. त्याच संध्याकाळी वालजीभाईंचा फोन: "काळजी करू नगं ठाकरशी. अखात्रीजला गाडी धाडतो. नवी चाल काढलीय, आधीच्यापरीस दुप्पट चकाकी."

फोन स्पीकरवर होता. रळियातबेन चुलीपाशी रोटला थापत होती. तिचा हात थांबला.

"ऐकलं का," ती नवऱ्याला म्हणाली, "मोटाभाईला सांगा, चकाकी नगं."

"काय सांगू? तुमच्या मालावर माझी बायकू पडती म्हनून सांगू?"

"व्हय. हेच सांगा. सोपं हाय की."

"त्यांनी पयल्या घान्यातला माल दिला आपल्याला."

"आनि म्या पयल्या घान्यात मनगट दिलं. झाली की फिटंफाट."

ठाकरशीभाई सांगायला गेला. परत आला तो म्हशीच्या पेंडीचं पोतं घेऊन, मोटाभाईंनी दिलेलं. दुसऱ्यांदा गेला. परत आला तो नव्या फरशीचा एक तुकडा घेऊन, आणि वर म्हणाला, "रंग झकास हाय हां." रळियातबेननं तो तुकडा चुलीपुढं ठेवला आणि त्याच्यावर गरम तवा ठेवायला लागली. नवऱ्याला तिसऱ्यांदा पाठवलं नाही. अखात्रीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. एकदा गाडी दारात उतरली की संपलं, उतरलेला माल भावाला परत पाठवता येत नाही. तिनं दुधाच्या पैशाची गाठ सोडली, ताकाची बाटली पिशवीत घातली आणि फटफटणाऱ्या तीनचाकी छकड्यात बसून रस्त्यावरच्या शोरूममध्ये आली.

जिगरनं आता सगळ्यात खरबरीत माल काढला होता. "ही घ्या. हिच्यावरनं पाय सरकला तर मी नाव बदलीन."

तिनं ताक ओतलं, पाय ठेवला. पाय हलला नाही. मग ती खाली बसली, पिशवीतनं फडकं काढलं आणि पुसायला लागली. ताक खाचांमध्ये बसलं ते बसलंच.

"ही कुठं घालत्यात?"

"गाड्या लावतात तिथं."

"मग बरोबर हाय. गाड्या ताक पीत न्हाईत. ह्याच्यात माझं ताक आठ दिस वास मारंल."

"बेन," जिगर काकुळतीला आला, "तुम्हाला सरकायला नको आणि पुसायलाही सोपी पाहिजे. दोन्ही एका फरशीत कसं मिळायचं?"

"तुझी बायकू घरात काय चालवून घेती?"

"लग्न नाही झालेलं."

"तरीच."

जिगर हसला. गिऱ्हाईक काही घेईल असं त्याला वाटत नव्हतं, पण बाईला चहा विचारायची रीत होती. तो मागच्या दारानं चहाच्या मोरीत गेला. दार उघडंच राहिलं. रळियातबेन बघत बसली. मोरीत पाण्याचा माठ होता, माठाखाली कायम ओल. जिगर त्या ओलीवरून दोन्ही हातांत कपबशा धरून, मागं वळून कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगत, खाली न बघता तरातरा चालत आला.

चहा तसाच राहिला. ती उठली आणि मोरीत गेली.

खाली मळकट राखाडी फरशी होती, बाजरीच्या पिठाच्या रंगाची, बारीक काळे ठिपके असलेली. चकाकी नावाला नाही. तिनं माठातलं तांब्याभर पाणी खाली टाकलं, उरलेलं ताक टाकलं, आणि चपला काढून वरून चालली. एकदा हात भिंतीला टेकवून. मग हात काढून. मग फडकं फिरवलं, ताक निघून आलं.

"ही दाखीव," ती म्हणाली.

"ही? बेन, ही तर आमच्या चहावाल्या मोरीची आहे. ही कोणी घरात मागत नाही."

"तुमी गिऱ्हाइकाला आरसा दावताय आनि सोताच्या पायाखाली ही घालताय. मला तुमची पायजे."

माल गोदामात होता. बाजूच्याच एका कारखान्याचा. तुटीफुटीसाठी म्हणून दोन पेट्या जास्त घेतल्या. जिगरनं पत्ता विचारला, तिनं गवंड्याच्या नावानं शेरीतलं घर सांगितलं. भरदुपारी पोचव म्हणून बजावलं, कारण तेव्हा ठाकरशीभाई कारखान्यात असतो, जेठ जेवून आडवे झालेले असतात आणि शेरी झोपलेली असते. सगळा विचार केला होता बाईनं. फक्त एक गोष्ट डोक्यातून निसटली. छकड्यावर ताडपत्री टाक म्हणून सांगायचं राहिलं.

दुसऱ्या गावात हे चाललं असतं. पेटी म्हणजे पेटी. पण आमच्या इथं माणूस आधी पेटीवरचं नाव वाचतो, मग पेटी आणणाऱ्याचं तोंड बघतो. शेजारच्या समजूबेनला एसटीची पाटी नीट वाचता येत नाही, पण कुठल्या कारखान्याचा ठसा कसला ते ती गच्चीवरून सांगते. छकडा फटफटत शेरीत शिरला. पेट्यांवर हातभर लाल अक्षरं, आणि ती वालजीभाईंच्या कारखान्याची नव्हती.

"अगं रळियात," समजूबेन गच्चीवरून ओरडली, "जेठाशी बिनसलं का गं?"

"तुजं त्वांड बिनसलंय! गवंड्याचा माल हाय, ठिवायला दिलाय!"

"मग तू कशाला हातानं उतरवतीयास?"

रळियातबेननं पुढची पेटी ओढली. पेट्या अंगणात लागेपर्यंत शेरीतला चहा उकळला आणि बात कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली. ठाकरशीभाईला ती गाडी भरता भरता हमालांकडून कळली. तो उरलेला दिवस मोटाभाईंच्या केबिनच्या खिडकीकडं बघायचं टाळत राहिला.

संध्याकाळी धारेच्या वेळी वालजीभाईंची गाडी आली.

रळियातबेन भगरीपाशी बादली घेऊन बसलेली. पदर खाली आला, पाठ फिरली. वालजीभाई अंगणातल्या बाजेवर बसले. ठाकरशीभाई उभा. पेट्या मध्ये, लाल अक्षरं वर करून.

"ठाकरशी," वालजीभाई म्हणाले, "आपला कारखाना कंदी बंद पडला रं? मला कुनी सांगितलंच न्हाय."

"न्हाय मोटाभाई, चालू हाय की."

"मग ह्या पेट्या?"

"त्या... गवंड्यानं..."

"गवंड्यानं? तुझ्या घरात काय घालायचं ते गवंडी ठरीवनार, आनि तू काय करनार, सिमेट कालवनार?"

 शेरीतल्या गच्च्यांवर एकाएकी वाळवणं गोळा करायची घाई सुटली होती. ज्यांनी वाळवण घातलंच नव्हतं, त्याही बायका वर चढल्या होत्या.

तेवढ्यात पदराआडून आवाज आला.

"भगरे, ऐक गं. तुज्या मालकाला खोटं बोलाया जमत न्हाय आनि खरं बोलायचा जीव व्हत न्हाय. त्येला म्हनावं, गवंड्याचं नाव घिऊ नगा. पेट्या म्या आनल्यात."

 म्हशीनं कान फिरवले.

वालजीभाईंनी हा आवाज भिंतीपलीकडून ऐकलेला होता, पण त्यांना उद्देशून एकही वाक्य त्या पदराआडून आजवर आलं नव्हतं. आणि आजचंही म्हणायला म्हशीलाच होतं. रीत मोडली म्हणावं तर मोडली नव्हती. माणूस रीतीचा पक्का. भावजयीला सरळ उत्तर देणं त्यांनाही जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी पागोटं मागं सारलं. मग त्यांनी बाजेवरच कूस बदलली आणि तोंड म्हशीकडं केलं.

"भगरी, मालकिनीला इचार. आमच्या मालात काय खोट निघाली?"

"खोट न्हाय गं बाई. माल लई देखना. आरसाच. पर आरशात बघत्यात, आरशावर कोन चालतं का?"

"दुबईला लोक चालत्यात, भगरे."

"चालू देत. त्यास्नी धारा काढायच्या न्हाईत. तू गेली असतीस दुबईला तर कळलं असतं. दुधाची बादली घिऊन पडले म्या त्या आरशावर. मनगाट मोडलं. तवापासनं भिताडाला धरून चालतीय, आंधळ्यागत."

वालजीभाई ताठ बसले. या वेळी तोंड भावाकडं होतं.

"काय रं? तू तर मला सांगितलंस म्हशीनं ढकललं!"

ठाकरशीभाई पेंडीचं पोतं सरकवायला लागला, पण वालजीभाईंचं संपलं नव्हतं.

"म्या म्हनलं इकून टाक ती म्हस, मारकी हाय!"

"ऐकलंस भगरे?" पदर आता चांगलाच हलत होता. "तुज्यावर आळ घातला. तू बाजारात गेली असतीस आनि फरशी घरात ऱ्हायली असती."

समजूबेन गच्चीवरून फस्सकन हसली. वालजीभाईंनी वर बघितलं तशी ती खाली बसली, पण हसू कठड्यावरून ऐकू येतच राहिलं.

"बरं," वालजीभाई म्हशीला म्हणाले, "त्ये झालं. पर माजा माल घ्येऊन कंदी कुनी तक्रार केली न्हाय. एवढ्या घरांत हाय. माज्या घरात बी हाय."

"भगरे, येकच इचार, मग मी गप. कंकूबेनच्या घरात उंबऱ्यापासनं देवघरापातुर गोनपाटं कशापायी अंथरल्यात?"

वालजीभाईंना स्वतःचं घर आठवलं. गोणपाटं होती. मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत होती. फरशीला चरे पडू नयेत म्हणून, असं बायकोनं त्यांना सांगितलेलं होतं, आणि त्यांना त्याचा अभिमानच वाटायचा, की बाई मालाला जपते. ज्या बाईनं कौलांच्या चिखलात खडे पायानं वेचले, ती घरात गोणपाटाच्या बाहेर पाय टाकत नाही, हे त्यांनी बघितलेलं होतं आणि बघूनही ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी कान खाजवला.

"घरी जाऊन इचारतो," ते म्हणाले. हे म्हशीला नव्हतं, भावालाही नव्हतं. कुणाला होतं ते सगळ्यांना कळलं.

मग ते उठले आणि पेटी फोडली. मालक असला तरी माणूस मातीतला, दुसऱ्याच्या भट्टीचा माल हातात आला की राहवत नाही. फरशी उलटी केली, नखानं टकटक वाजवून ऐकली, मग पाठीला जीभ लावून बघितली. कौलांच्या दिवसांपासून ते असंच बघतात. भट्टी कच्ची असली की माती जिभेला चिकटते.

"चिकटत न्हाय," ते नाराजीनं म्हणाले. "भट्टी बरी बसलीय लेकाची."

फरशी अंगणात ठेवली, हौदातलं पाणी तिच्यावर मारलं, बूट काढले, मोजे काढले, धोतर सावरलं आणि उभे राहिले. एक पाय उचलून बघितला, दुसरा उचलून बघितला. एवढ्या मोठ्या कारखान्याचा मालक लंगडी घालताना शेरीनं पहिल्यांदा बघितला.

"घाला," ते म्हणाले. "खाली हीच घाला. पर ठाकरशी, तुज्या घरात माजा माल न्हाय असं व्हनार न्हाय. लोक थुकतील माज्यावर. अखात्रीजला गाडी येनार म्हंजे येनार."

ठाकरशीभाईनं बायकोच्या पाठीकडं बघितलं. पाठ विचार करत होती.

"भगरे," पदर म्हणाला, "चुलीमागची भिताडं तेलानं काळी झाल्यात. आनि ओसरीच्या भिताडाला माज्या हाताचा पट्टा पडलाय. तिथं आरसा लई शोभंल. फडकं मारलं की सोच्च."

"खालचा माल भिताडावर?" वालजीभाई म्हशीवर ओरडले. "आजवर कुनी लावलाय का?"

"पायाखाली घेतला तर मानूस पडतंय. भिताडावर चढवला तर निदान त्येचा मान तरी ऱ्हातोय."

वालजीभाईंनी बुटात पाय घालता घालता हसू दाबलं, पण मिशी हलली. गाडीपर्यंत गेले आणि दार धरून परत वळले.

"भगरी, इचार मालकिनीला, पेट्या उरनार हायेत का दोन? आमच्या मोरीला लागतील."

"सांग, उरनार हायेत," पदर म्हणाला. "दोनच जास्त आनल्यात. आनि कंकूबेनला म्हनावं, गोनपाटं धाडून द्या. म्हशीच्या अंगावर घालाया व्हतील."

गाडी गेली. रळियातबेननं पदर वर केला आणि बादलीकडं बघितलं. एवढा वेळ दोन्ही बाजूंनी बोलणं ऐकून भगरीनं दूध चोरलं होतं. त्या संध्याकाळी अर्ध्या शेरीला दूध कमी मिळालं, पण कुणी तक्रार केली नाही. समजूबेन तर रिकामा तांब्या घेऊन आली आणि चहा पिऊन गेली.

अखात्रीजला गाडी आली. गवंड्यानं खाली बाजरीच्या पिठाच्या रंगाची फरशी घातली आणि या वेळी मध्ये मध्ये बोटाच्या पेराएवढी फट सोडली, उन्हात फुगली तर फुगू दे म्हणून. ओसरीच्या भिंतीवर आणि चुलीमागं आरसा चढला. हाताच्या उंचीचा काळा पट्टा त्याच्याखाली गेला. बघायला आलेल्या बायका आता भिंतीत तोंड बघतात आणि खाली न बघता चालतात. कंकूबेनच्या मोरीला दोन पेट्या लागल्या, मग तिला स्वयंपाकघरही करायचं सुचलं. जिगरकडं आता आमच्या शेरीतनं गिऱ्हाईक जातं आणि सरळ चहाची मोरी कुठंय ते विचारतं. वालजीभाईंनी कारखान्यात तसल्याच बिनचकाकी मालाचा एक घाणा काढून बघितला, असं ठाकरशीभाई सांगतो. नाव अजून ठेवलेलं नाही.

काम झाल्यावर वालजीभाई वास्तूचा नारळ घेऊन आले. रळियातबेननं लाज काढली, चहा ठेवला, पाठ फिरवून बसली. भगरी पाण्यावर गेलेली होती, म्हणून त्या दिवशी बोलणं झालं नाही.

ते गेले तेव्हा म्हैस परत आली होती आणि कासेतून दूध ठिबकत होतं. रळियातबेन खाली बसली, धार काढली. फेस काठापर्यंत आला तशी उठली. भरली बादली दोन्ही हातांत धरून, ओल्या पायांनी, ओसरीच्या मधनं सरळ आत गेली. आतनंच तिनं ठाकरशीभाईला हाक मारली, "ऐकलं का, तिथं उभं ऱ्हाऊन काय बघताय? पेंड घाला तिला. आनि दुसरी बादली आना."